शोस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्तो कसा ऐकावा

सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचचा हा कॉन्चेर्तो, म्हणजे चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य) आणि वाद्यवृंदासाठीची रचना (ओपस, म्हणजे रचना-क्रमांक, १०७), साधारण २८ मिनिटांचा. नवख्या कानालाही तो धरून ठेवतो, फक्त सुरुवातीचे चार स्वर आधी पक्के हवेत.

त्यासाठी पेटी काढा. पांढरी एकचा सा धरून एकाच सप्तकात प, ग, शुद्ध नी, कोमल नी वाजवा. आधी खाली, मग वर उडी, मग अर्ध्या स्वराची घसरण. न बघता गुणगुणता येईपर्यंत वाजवा. दोन्ही निषाद लागोपाठ आले म्हणून राग शोधत बसू नका. इथे तो तुकडा ठिणगीसारखा येतो.

आता ध्वनिमुद्रण निवडा. ही रचना चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी लिहिलेली. ४ ऑक्टोबर १९५९ला लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कीच्या संचालनाखाली त्यानेच ती पहिल्यांदा वाजवली. त्याच वर्षी संचालक ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर त्याने केलेलं मुद्रण सुरुवातीला उत्तम. हेडफोन लावाच: चेलोची सगळ्यात जाड तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, फोनच्या स्पीकरमधून तो खर्ज पोचतच नाही. शफल आणि क्रॉसफेड बंद करा. दुसरा, तिसरा आणि चौथा भाग न थांबता जोडलेले आहेत. मध्ये जाहिरात आली की ताण तुटतो.

पहिल्या दिवशी फक्त पहिला भाग, सहाएक मिनिटांचा, दोनतीनदा ऐका. चेलो तेच चार स्वर घेऊन येतो. दुसऱ्या खेपेला हॉर्नवर लक्ष ठेवा. संपूर्ण वाद्यवृंदात पितळी वाद्य हे एकच, त्यामुळे ते चेलोशी समोरासमोर बोलतं.

दुसरा भाग संथ आहे आणि इथेच बहुतेकांचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो. वाढवू नका. शेवटी चेलोवादक एका बोटाने तार दाबून दुसरं बोट तिला नुसतं टेकवतो, त्यातून शिट्टीसारखा विरळ स्वर निघतो आणि सेलेस्टा (पियानोसारखं दिसणारं, धातूच्या पट्ट्यांवर वाजणारं वाद्य) त्याला काचेच्या घंटीसारखं उत्तर देते. या कॉन्चेर्तोतली सर्वांत सुंदर जागा हीच. आवाज वाढवून ठेवला असेल तर पुढचा चढ कानठळ्या बसवेल.

तिसरा भाग म्हणजे कॅडेन्झा, एकट्या चेलोची पाचसहा मिनिटं. आपल्याला आलापाची सवय, म्हणून हे ऐनवेळी सुचलेलं वाटतं. पण प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. दुसऱ्या भागातली सुरावट परत येते, मधूनमधून बोटांनी छेडलेले स्वरसमूह येतात, मग लय वाढत वाढत थेट चौथ्या भागात कोसळते. तिथे ‘सुलिको’ या स्टालिनच्या आवडत्या जॉर्जियन गाण्याचा तुकडा मोडतोड करून लपवलाय. पहिल्याच ऐकण्यात तो शोधू नका. खुद्द रोस्त्रोपोविचलाही तो दाखवावा लागला होता. त्याऐवजी पेटीवरचे चार स्वर कधी परततात ते पाहा. ते आले की शेवट जवळ आला, मग टिम्पनीचे (नगाऱ्यासारख्या मोठ्या ढोलांचे) ठोके पडेपर्यंत हेडफोन काढू नका.