सैनिकाच्या अंगावरची इलेक्ट्रॉनिक्स: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

पायदळाच्या सैनिकाच्या अंगावर आता रेडिओ, हेडसेट, जीपीएस, छातीवरचा डिस्प्ले आणि या सगळ्यांना पोसणारी बॅटरी असते. या क्षेत्रात नव्याने येणारे बरेच जण थेट नेटवर्क प्रोटोकॉल किंवा नकाशाच्या अ‍ॅपला हात घालतात. आमचा आग्रह असा, की आधी वीज आणि वायर शिका.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. समजा, रेडिओ बोलताना १५ वॅट खातो, ऐकताना ३ आणि नुसता चालू असताना दीड. या तिन्हींच्या वेळेचं प्रमाण १:१:८ धरलं तर सरासरी ३ वॅट येते. डिस्प्ले वगैरेचे आणखी ३. चोवीस तासांचे झाले १४४ वॅट-तास. बॅटरीचं व्होल्टेज उपकरणांना हवं तसं बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर १६९ लागतात, आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी ७० टक्केच देते असं धरलं की आकडा २४० च्या वर जातो. किलोला १५० वॅट-तास देणारा लिथियम-आयन पॅक घेतला, तरी नुसत्या विजेचं ओझं १.६ किलो. याच हिशेबाने अर्धा वॅट वाचवला की सुमारे १३५ ग्रॅम उतरतात. चालणाऱ्या माणसाला ते नक्की जाणवतात.

आता केबल. ती तुटते कनेक्टरच्या अगदी मागे, जिथे कडक भाग संपून वायर वाकायला लागते. फसवा प्रकार म्हणजे अर्धवट तुटलेली वायर: रेडिओ चालू होतो, ऐकूही येतं, पण बोलायचं बटण दाबलं की रीसेट होतो. १२ व्होल्टवर १५ वॅट म्हणजे सव्वा अँपिअर. वाटेत १ ओहमचा अडथळा असेल तर सव्वा व्होल्ट तिथेच पडतो. लोड न लावता, म्हणजे वीज ओढणारं काही न जोडता, मल्टिमीटर धरलात तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतील आणि दोष रेडिओच्या माथी जाईल. म्हणून लोड लावा, केबल हाताने वाकवत राहा आणि व्होल्टेज रेडिओच्या टोकाशी मोजा.

याहून छुपा शत्रू म्हणजे कन्व्हर्टरचा गोंगाट. १ मेगाहर्ट्झवर स्विच होणाऱ्या कन्व्हर्टरच्या हार्मोनिक्स (त्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यात सहज पोचतात. रेडिओ ठणठणीत असतो, पण दूरचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. सिग्नल जनरेटरने १२ डेसिबल सिनॅडची (गोंगाट आणि विकृतीच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट, याचं माप) पातळी नोंदवा, मग एकेक उपकरण चालू करत तीच पातळी पुन्हा शोधा. ६ डेसिबलचा फरक पडला, तर सपाट जमिनीलगत पल्ला साधारण तीस टक्क्यांनी घटतो. फिल्टर कन्व्हर्टरच्या तोंडाशीच बसवा. लांब केबलनंतर बसवलेल्याचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर केबलच अँटेना झालेली असते.

अँटेनाची चाचणी कधीही टेबलावर संपवू नका. ३० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी अडीच मीटर होते. एवढी काठी कोणी मिरवत नाही, म्हणून आखूड अँटेना मॅचिंग करून (रेडिओशी विद्युतदृष्ट्या जुळवून) वापरतात आणि शरीर जवळ आलं की तिचं ट्यूनिंग सरकतं. जाकीट अंगावर घालून उभं, गुडघ्यावर आणि पालथं पडून, तिन्ही स्थितींत मोजा. पालथ्या स्थितीतला आकडा सर्वांत वाईट येतो. डिझाइन त्याच आकड्यावर करा.

मानकांपैकी अमेरिकी लष्कराची मिल-एसटीडी-८१० (हवामान, धक्के वगैरेंच्या चाचण्या) आणि ४६१ (विद्युतचुंबकीय गोंगाट) मुळातून वाचा. आणि बटणं जाड हातमोजे घालून, न बघता दाबून पाहा.