काचेचा अपवर्तनांक रंगागणिक कसा मोजावा

प्रयोगवहीत काचेचा अपवर्तनांक (निर्वातातील प्रकाशाचा वेग काचेतील वेगाच्या किती पट आहे, तो आकडा) १.५ लिहून मोकळे होता येते. परंतु तो कोणत्या रंगाच्या प्रकाशासाठी मोजला, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला पुरता अर्थ येत नाही. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश किती अंशांत वळला हे मोजणारे उपकरण), ६० अंशांचा प्रिझम आणि पाऱ्याचा दिवा एवढ्या साहित्यावर रंगागणिक पडणारा हा फरक मोजता येतो.

स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण व कॉलिमेटर (दिव्याचा प्रकाश समांतर करणारी नळी) समांतर किरणांसाठी जुळवावेत, कॉलिमेटरची स्लिट म्हणजे प्रकाश आत येण्याची फट अरुंद ठेवावी आणि प्रिझमचा कोन ६० अंश गृहीत न धरता स्वतः मोजावा. दुर्बिणीत जांभळी (४०४.७ नॅनोमीटर), निळी (४३५.८), हिरवी (५४६.१) आणि पिवळ्या रेषांची जोडी (५७७.० व ५७९.१) दिसेल. हिरव्या रेषेवर नजर ठेवून प्रिझमचे टेबल सावकाश फिरवावे. रेषा सरकत जाते, क्षणभर थबकते आणि टेबल त्याच दिशेने फिरत असूनही मागे परतू लागते. ती जिथे थबकते तिथे विचलन, म्हणजे किरणाचे मूळ दिशेपासून वळणे, किमान असते. त्या जागी दुर्बिणीतली क्रॉसवायर (खुणेची फुली) आणून दोन्ही व्हर्निअर (कोन मोजण्याच्या सूक्ष्म पट्ट्या) वाचावेत, मग प्रिझम काढून सरळ किरणाचे वाचन घ्यावे. दोहोंतील फरक हा विचलनकोन. प्रत्येक रंगासाठी हे नव्याने करावे, आणि टेबलाबरोबर व्हर्निअरही फिरत असेल तर सरळ किरणाचे वाचनही दर वेळी पुन्हा घ्यावे. इथेच बहुतेकांचे गणित बिघडते.

प्रिझमचा कोन आणि विचलनकोन यांच्या बेरजेच्या निम्म्याच्या साइनला प्रिझमच्या निम्म्या कोनाच्या साइनने भागले की अपवर्तनांक मिळतो. बोरोसिलिकेट क्राउन काचेसाठी तो हिरव्याला सुमारे १.५१८७ आणि निळ्याला १.५२६७ येतो, विचलनात हा फरक जेमतेम ४२ मिनिटांचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो. एका मिनिटाची चूक अपवर्तनांकात सुमारे ०.०००२ ची चूक करते. पिवळ्या जोडीतले अंतर तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास असल्याने, एक मिनिट लघुतम माप (वाचता येणारे सर्वांत लहान माप) असलेल्या उपकरणावर त्या दोघींचे वेगळे अपवर्तनांक देऊ नयेत.

अपवर्तनांक रंगागणिक कसा बदलतो याच्या आलेखासाठी तरंगलांबीऐवजी वारंवारता घ्यावी, असे माझे मत आहे, कारण काचेत शिरताना तरंगलांबी बदलते, वारंवारता बदलत नाही. हिरव्या रेषेची वारंवारता सुमारे ५४९ टेराहर्ट्झ, निळीची ६८८. वारंवारतेच्या वर्गासमोर अपवर्तनांक मांडला की बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. अपवर्तनांक आणि तरंगलांबी यांचा संबंध देणारे कोशीचे सूत्र हेच सांगते. काचेतील बद्ध इलेक्ट्रॉनांची नैसर्गिक वारंवारता अतिनील भागात असते आणि प्रकाशाची वारंवारता तिच्याजवळ जाईल तसा त्यांचा प्रतिसाद वाढतो, म्हणून रेषा चढती असते. ती अवरक्त भागात मात्र लांबवू नये, कारण तिथे काचेतील अणूंच्या कंपनांमुळे होणारे शोषण अपवर्तनांक कोशीच्या रेषेखाली ओढते.