ईसीयू उडाला म्हणण्याआधी या चुका टाळा

गाडी बंद पडली, मीटरवर दिवेच दिवे लागले की पहिलं वाक्य ठरलेलं, "ईसीयू गेला", म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण चिप्स सहसा जात नाहीत, जातं ते त्यांच्या आजूबाजूचं: बॅटरी, अर्थ (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी वायर), कनेक्टर, वायरचा जोड, आणि नाहक भुर्दंड बसतो गाडीवाल्याला.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, गाडीत एकच कॉम्प्युटर नसतो. इंजिनचा वेगळा, एबीएसचा वेगळा, एअरबॅग, स्टिअरिंग, मीटर, दारं, सगळ्यांचे आपापले कंट्रोल युनिट असतात आणि ते एकमेकांना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून मेसेज पाठवतात. हीच कॅन बस, बॉशने १९८६ मध्ये जगासमोर आणली. त्यामुळे चाकाचा स्पीड सेन्सर खराब झाला तरी एबीएससोबत ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागतो, कधी क्रूझ कंट्रोलही बंद होतं, आणि माणूस म्हणतो एकदम सगळंच कसं गेलं!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅटरी न तपासता स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावणं. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली पडलं की काही युनिट क्षणभर बंद पडतात, बाकीच्यांना त्यांचा आवाज येत नाही, मग "यू"ने सुरू होणाऱ्या कोडची लाईन लागते आणि त्यातला एकही खरा बिघाड नसतो. गाडी काही तास उभी असताना बॅटरीला मल्टिमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी फुल, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसतं, स्मार्ट चार्जिंगवाल्या गाड्यांत ते वरखाली होतं, तेवढ्यावरून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदलू नका.

आणि अर्थ बघा हो, अर्थ कोणीच बघत नाही! मल्टिमीटरची एक प्रोब बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ केबल गंजलीय किंवा ढिली आहे. बरेच सेन्सर ५ व्होल्टवर काम करतात, त्यात अर्थच डळमळीत असेल तर ईसीयूला मिळणारं रीडिंग चुकणारच, मग कितीही सेन्सर बदला.

दुसरी चूक, कोड दिसला की लगेच डिलीट. कोडसोबत फ्रीझ फ्रेम सेव्ह असते, म्हणजे बिघाड पकडला तेव्हा आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता. ते पुसलं की तपासाचा धागाच गेला. आधी फोटो काढा, मग काय ते पुसा.

कोडमध्ये ज्या पार्टचं नाव तोच बदलायचा हा प्रकारही थांबवा. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर बिचारा ते खरं खरं सांगतोय आणि आपण त्यालाच काढून फेकतो. इनटेकचा फाटलेला पाईप, घाण झालेला एअर फ्लो सेन्सर, कमी फ्युएल प्रेशर, हे आधी तपासा.

बाहेरून लावलेले कॅमेरे, लाईट, ट्रॅकर यांच्यासाठी वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड दिसला तर संशय तिथूनच सुरू करा, आणि कॅन बसच्या वायरला तर हातच लावू नका. बस ठीक आहे का हे बघायला बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात ते) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळपास येतो, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर शॉर्ट. काही गाड्यांत मध्ये गेटवे (मेसेज इकडून तिकडे पोचवणारं युनिट) असतो, तिथे हे रीडिंग वेगळं येतं, त्यामुळे त्या गाडीचं वायरिंग डायग्राम बघूनच ठरवा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढू नका, जुन्या गाड्यांची ही सवय आता महागात पडते, व्होल्टेज एकदम ४० च्या वर उसळू शकतं. जंपर केबल उलटी लागली तर फ्यूज उडून सुटलात तर नशीब. वेल्डिंग करायचंय तर आधी बॅटरी सोडवा.

जुना ईसीयू आणून बसवला की गाडी सुरू होईल असंही नाही, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) त्याला ओळखत नाही, कोडिंग करावंच लागतं. तसंच काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळवणी) करून घ्या, नाहीतर लेन आणि ब्रेकचे इशारे चुकतात.

गाडीत पाणी शिरलं असेल तर इग्निशन ऑन करून "बघूया चालू होते का" हे अजिबात करू नका. ओला ईसीयू बऱ्याचदा वाचतो, पण ओल्या बोर्डवर करंट गेला की पिना आणि ट्रॅक गंजून खलास. आधी बॅटरीचं मायनस काढा, मग कनेक्टर उघडून पूर्ण वाळवा, पिनांवर हिरवा-पांढरा थर दिसला तर तो साफ करून घ्या, आणि त्यानंतरच चावी फिरवा.