कोस्टा रिकाच्या ढगातल्या जंगलात जाताय? जीन्स घरीच ठेवा

आपल्या सोलापूरातून कुणी सेमिस्टरसाठी कोस्टा रिकाला जाणार असेल आणि माँतेवेर्देचं जंगल बघायचा प्लॅन असेल तर पहिलं सांगतो, तिथला पाऊस म्हणजे आपल्याकडची सर नाही, की आली, झोडपून गेली आणि तासाभरात सगळं वाळलं. ते जंगल साधारण १,४०० ते १,८०० मीटर उंचीवर, ढगातच बुडालेलं, त्यामुळं पाऊस थांबला तरी पानं आणि शेवाळ ढगातलं पाणी पकडून वरनं टपटप गाळतच राहतात. म्हणून जीन्स आणि सुती टीशर्ट नको, एकदा भिजले की वाळायचं नावच घेत नाहीत, आणि आईनं कितीही आग्रह केला तरी आपला जाडजूड सोलापुरी टॉवेल नेऊ नका, पातळ पंचा बेस्ट. पॉलिस्टरचे कपडे, आत एक फ्लीस, म्हणजे हलकं उबदार जॅकेट (गारठा असतो बरं का, कोस्टा रिका म्हणजे नुसता समुद्रकिनारा नाही), वरनं पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट. छत्री अरुंद पायवाटेवर फांद्यांत अडकते. पायात गमबूट, चिखलात स्पोर्ट्स शूजची वाट लागते.

मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण बऱ्याचदा जोर दुपारनंतर असतो, त्यामुळं सकाळी लवकर जंगलात शिरा, क्वेत्झाल पक्षी दिसायचा चान्सही तेव्हाच जास्त. मोबाईल झिपलॉकमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कॅमेरा गार जंगलातून उबदार खोलीत आणला की लगेच बाहेर काढू नका, बॅग बंदच ठेवा अर्धा तास, नाहीतर लेन्सवर वाफ धरते.