वसाहतवाद की साम्राज्यवाद? शब्द निवडण्याआधी काय तपासावे

एकच शब्द पुन्हा नको म्हणून 'ब्रिटिश वसाहतवाद'च्या पुढच्या ओळीत 'ब्रिटिश साम्राज्यवाद' लिहिला जातो आणि तिथेच अर्थ घसरतो. एका सत्तेने दुसऱ्या समाजाचे निर्णय आपल्या हाती घेणे, मग ते फौजेच्या, कर्जाच्या किंवा तहाच्या बळावर असो, हा साम्राज्यवाद. परक्या भूमीवर प्रत्यक्ष ताबा मिळवून तिथे आपले प्रशासन बसवणे आणि बहुधा आपली माणसेही नेऊन वसवणे, हा वसाहतवाद. म्हणजे वसाहतवाद ही साम्राज्यवादाची एक रीत झाली. उत्तर-वसाहतवाद ही मुळात राजवटच नव्हे. वसाहतींनी समाजात, भाषेत आणि ज्ञानात काय मागे ठेवले हे तपासणारी ती अभ्यासदृष्टी आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'वसाहत' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कामगारांच्या चाळी किंवा औद्योगिक वसाहत येते. त्या शब्दात सक्ती ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखालाच कोणाचा ताबा आणि कोणत्या प्रदेशावर, हे लिहून टाकावे.

शब्द ठरवण्याआधी प्रदेश आणि साल कागदावर मांडा. 'आफ्रिकेतील वसाहतवाद' एवढ्यावर काहीच ठरत नाही, 'अल्जीरिया, १८३० ते १९६२' यावर ठरते. मग पहिला प्रश्न विचारा: महसूल कोण गोळा करत होते आणि कायदा कोण करत होते? ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये मिळाली ती व्यापाराची सनद होती, त्यामुळे भारतातला वसाहतवाद त्या सालापासून मोजणे चूक आहे. १७५७ ला प्लासीची लढाई झाली. १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीच्या हाती आली, म्हणजे सारावसुलीचा अधिकार आला. वासाहतिक राज्ययंत्रणा इथून दिसू लागते. १८५८ मध्ये ती ब्रिटिश राजसत्तेकडे गेली.

दुसरा प्रश्न जमिनीचा: ती शेवटी कोणाकडे गेली? ऑस्ट्रेलियात १७८८ पासून आलेल्या ब्रिटिशांनी मूळ रहिवाशांची भूमी जणू बेवारस असल्यासारखी बळकावली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक फेटाळले ते थेट १९९२ मध्ये. अल्जीरियातही फ्रेंचांनी शेतजमिनी युरोपीय वसाहतकऱ्यांना दिल्या. याला 'स्थायिक वसाहतवाद' म्हणावे. भारतात युरोपीय संख्येने फार थोडे होते आणि भर महसूल व व्यापारावर होता. दोन्ही ठिकाणी नुसता 'वसाहतवाद' लिहिला, तर शेवट इतके वेगळे का झाले हे वाचकाला कळत नाही. स्थायिक वसाहतवादाचे शेवटही सारखे नसतात: अल्जीरियातले बहुतेक युरोपीय १९६२ मध्ये निघून गेले. ऑस्ट्रेलियात मात्र वसाहतकऱ्यांचेच राष्ट्र झाले, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांच्या संदर्भात 'वसाहतोत्तर' हे विशेषण वादग्रस्त ठरते.

झेंडा परका नसूनही निर्णय बाहेरून होत होते का, हा तिसरा प्रश्न. क्यूबा १९०२ मध्ये स्वतंत्र झाला, पण अमेरिकेने क्यूबाच्या राज्यघटनेत घालायला लावलेल्या प्लॅट दुरुस्तीने अमेरिकेला तिथे हस्तक्षेपाचा अधिकार दिला होता आणि तो १९३४ पर्यंत टिकला. इजिप्तमध्ये १८८२ नंतर गादीवर खेदिव (इजिप्तच्या शासकाची पदवी) होता, कागदावर ऑटोमन सार्वभौमत्व १९१४ पर्यंत होते, आणि कारभाराची सूत्रे ब्रिटिशांकडे होती. अशा ठिकाणी 'साम्राज्यवाद' हाच नेमका शब्द.

मात्र रोमन किंवा मुघल साम्राज्य होते म्हणून तिथे 'साम्राज्यवाद' सहज चिकटवू नये. साम्राज्य हा राज्याचा प्रकार आहे. साम्राज्यवाद या शब्दाला आजचा राजकीय अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ हॉब्सनने १९०२ मध्ये त्याची सांगड गुंतवणुकीसाठी बाहेर वाट शोधणाऱ्या भांडवलाशी घातली, पुढे लेनिनने त्याला भांडवलशाहीची एक अवस्था मानले. आपण व्यापक अर्थ घेतोय की हा आर्थिक, ते एका वाक्यात सांगावे.

सर्वाधिक गोंधळ उत्तर-वसाहतवादात होतो, कारण 'उत्तर' म्हणजे नंतरचा असे धरले जाते. कालखंड सांगायचा असेल तर 'वसाहतोत्तर' लिहा: १९४७ नंतरचा भारत वसाहतोत्तर आहे. विचारपद्धती सांगायची असेल तरच 'उत्तर-वसाहतवाद'. आणि स्वातंत्र्यानंतरही परकीय भांडवलाची पकड कायम राहते, त्याला 'नववसाहतवाद' हा स्वतंत्र शब्द आहे. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी १९६५ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले.

ही पद्धत वापरायची कशी? एखादा वासाहतिक दस्तऐवज घ्या आणि त्यातले वर्गीकरणाचे शब्द अधोरेखित करा. १९०१ च्या भारतीय जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींना सामाजिक मानाच्या क्रमाने लावण्याचा प्रयत्न केला. या नोंदीपुढे तीन प्रश्न ठेवा: हा क्रम कोणी ठरवला, कोणाच्या सोयीसाठी, आणि ज्यांची नोंद झाली त्यांचे म्हणणे कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला अनेकदा कागदात काहीच सापडत नाही. ते न सापडणेही टिपून ठेवावे, कारण उत्तर-वसाहतवादी वाचनाचा खरा ऐवज तोच असतो. केवळ इंग्रजांवर टीका केली की असे वाचन झाले, ही समजूत चुकीची आहे. १९७८ मध्ये साहित्य-अभ्यासक एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटलिझम' या पुस्तकात प्रश्न उभा केला तो ज्ञानाचाच: पाश्चात्त्य लेखनातून 'पूर्व' नावाची प्रतिमा कशी घडली आणि ती सत्तेच्या कशी कामी आली.

तिन्ही शब्द एकत्र पारखायला कॅरिबियन समुद्रातला हैती हा देश उत्तम. फ्रेंच राजवट आणि गुलामांचे मळे, हा वसाहतवाद. १८०४ मध्ये स्वातंत्र्य, म्हणून पुढचा काळ वसाहतोत्तर. १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, ती १८३८ मध्ये ९ कोटींवर आली: हा साम्राज्यवाद. आणि हैतीची क्रांती जगाच्या इतिहासातून इतका काळ बाजूला का राहिली, हा प्रश्न उत्तर-वसाहतवादी.

शेवटी क्रियापदाचा काळ तपासा. 'वसाहतवाद संपला' असे सरसकट लिहू नये. संयुक्त राष्ट्रांनी १४ डिसेंबर १९६० ला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, तरी त्यांच्या अस्वशासित (जिथल्या लोकांकडे अजून पूर्ण स्वशासन नाही अशा) प्रदेशांच्या यादीत आजही १७ नावे आहेत. पश्चिम सहारा त्यांत १९६३ पासून आहे.