बुलेटसाठी परफॉर्मन्स कॅम निवडताना या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेट ३५० मध्ये परफॉर्मन्स कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा, उंचवटा असलेला फिरता भाग) बसवून घेतलेल्या आणि त्यानंतर रस्त्यावर नीट चालेनाशा झालेल्या गाड्या माझ्या गॅरेजमध्ये वर्षभर येत असतात. मालकांच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात. कोणी म्हणतो गाडी स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनाची सर्वांत हळू गती) धरत नाही, कोणी म्हणतो पिकअप गेला, कोणाला कार्बोरेटरचा संशय असतो. टायमिंग कव्हर उघडले की मात्र त्याच चार-पाच चुका समोर येतात, आणि त्यांतल्या बहुतेक कॅम विकत घेतला त्या दिवशीच झालेल्या असतात. नवीन मुलांना घाई फार असते, आणि कॅम हा घाईने घेण्याचा भाग नाही, कारण तो चुकला तर इंजिनातल्या इतर कोणत्याही सुट्या भागाने ती चूक झाकता येत नाही.

सर्वांत मोठा कॅम मागवणे

ही पहिली आणि सर्वांत महाग चूक. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९० मिमी, म्हणजे हे लांब स्ट्रोकचे, खालच्या आरपीएमला ओढणारे इंजिन आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार १८ अश्वशक्ती ५,६२५ आरपीएमला मिळते, परंतु रोजच्या वापरात, शहरात आणि घाटात, आपण इंजिन २,००० ते ४,००० च्या दरम्यान फिरवतो. कॅम निवडायचा तो या पट्ट्यासाठी. जाहिरातीत मात्र वरच्या टोकाची ताकद लिहिलेली असते, आणि गिऱ्हाईक तोच आकडा वाचून पैसे देतो.

कॅमचे ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते, वाढवले की मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या दृष्टीने संपूर्ण कॅममध्ये ही एकच घटना सर्वांत महत्त्वाची आहे. उदाहरणार्थ, इनटेकचा मध्य (तो व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडतो तो क्षण) पिस्टन वरच्या टोकाला आल्यानंतर ११० अंशांवर धरला, तर २६० अंशांच्या कॅमवर तो व्हॉल्व्ह पिस्टन खालच्या टोकावरून फिरल्यानंतर ६० अंशांनी बंद होतो, तर २८० अंशांच्या कॅमवर ७० अंशांनी. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या कॅमवर पिस्टन सुमारे १८ मिमी वर आलेला असतो आणि दुसऱ्यावर सुमारे २४ मिमी. तेवढ्या अंतरात इंजिन हळू फिरत असताना आत घेतलेले मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलले जाते, आणि मुळातच कमी कॉम्प्रेशनचे हे इंजिन आणखी पोकळ होते. वरच्या आरपीएमला हवेला वेग असल्यामुळे व्हॉल्व्ह उघडा असला तरी सिलिंडर भरत राहतो. मोठ्या कॅमचा फायदा तिथे मिळतो, पण तिथपर्यंत आपण रोज जात नाही.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याचा एक तरुण अशीच गाडी घेऊन आला. बुलेट आजोबांची, देखणी ठेवलेली. त्याने मिळेल तो सर्वांत जास्त ड्युरेशनचा कॅम मागवला होता आणि गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतला होता. पुण्याहून बायकोला मागे बसवून घरी परतताना खंबाटकी घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडू लागली, दुसऱ्यात घेतली तरी वळणावर वेग कमी झाला की झटके देऊ लागली, आणि शेवटी बायकोनेच विचारले, ‘अहो, उतरू का मी?’ हे सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. ‘काका, पैसे घालून गाडी आधीपेक्षा कमजोर कशी झाली?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही.

मी दोन दिवस कार्बोरेटरमागे घालवले, आणि ती माझी चूक होती. मेन जेट बदलला, सुईची खाच बदलली, स्लो वाढवून पाहिला; स्लो वाढवल्यावर गाडी उभी असताना बंद पडेनाशी झाली, पण ओढ काही आली नाही. तिसऱ्या दिवशी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून किक मारल्या आणि काटा ८५ पीएसआयच्या वर जाईना. रिंगा नव्या, व्हॉल्व्ह नुकतेच सीटवर घासून बसवलेले, सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडूनही आकडा फारसा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. त्याच्या डिकीत कागदात गुंडाळलेले मूळ कॅम होते. ते परत बसवले, तेच गेज लावले, आणि काटा ११० वर गेला. पुढे आम्ही मूळ कॅमपेक्षा लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) थोडी अधिक आणि ड्युरेशन जवळपास तेवढेच असलेला कॅम शोधला, आणि तो आजही त्या गाडीत आहे.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली आहे: कॅम बदलण्याआधी गेजचा आकडा वहीत लिहायचा आणि बदलल्यानंतर पुन्हा घ्यायचा. आकडा बराच खाली आला असेल तर जेटला हात लावायचा नाही. कॅम निवडताना दोन आकारांमध्ये मन अडकले असेल तर रस्त्याच्या गाडीसाठी लहान घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लिफ्ट वाढवून मिळणारी ताकद ड्युरेशन वाढवून मिळणाऱ्या ताकदीपेक्षा मला कधीही जास्त पसंत आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. या ३५० च्या इंजिनात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, रोलर बेअरिंग नसून तरंगते बुश असते. मोठ्या कॅमची ताकद वर असल्यामुळे गाडी सतत वर फिरवली जाते, आणि ९० मिमीच्या स्ट्रोकवर ५,६२५ आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर होतो. तासनतास असे चालवलेले बुश किती दिवस टिकेल याचा विचार कॅम मागवण्याआधी करावा, बिग एंड वाजू लागल्यावर नव्हे.

दोन आकड्यांची चुकीची तुलना

एक विक्रेता ड्युरेशन व्हॉल्व्ह जेमतेम हलू लागल्यापासून मोजतो, दुसरा टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड वर ढकलणारा भाग) १ मिमी उचलल्यापासून, तिसरा ०.०५० इंचांपासून. त्यामुळे कागदावर ‘२४०’ असलेला कॅम ‘२८०’ वाल्यापेक्षा मोठा असू शकतो. आकडा कुठून मोजला आहे हे जो सांगत नाही, त्याच्याकडून मी कॅम घेत नाही.

फक्त खुणा जुळवून इंजिन बंद करणे

टायमिंगच्या गिअरवर खुणेसमोर खूण आली की काम झाले, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत अनुभवी मिस्त्रीही आहेत. मूळ भागांच्या बाबतीत ते बहुतांशी खपून जाते. बाजारातल्या कॅमवर मात्र गिअरचे दात आणि कॅमचे उंचवटे यांच्यातला कोन बनवतानाच चुकलेला असू शकतो, आणि ती चूक खुणेत दिसत नाही.

मी एकदा एका गाडीत बाजारातल्या अशा कॅमचा जोड बसवत होतो. खुणा अगदी स्वच्छ जुळल्या होत्या. सवयीप्रमाणे क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावली, प्लगच्या भोकातून पिस्टन थांबवणारा बोल्ट घातला, दोन्ही बाजूंनी पिस्टन हलकेच टेकवून चकतीवरचे आकडे लिहिले आणि त्यांच्या मध्यावर खरे वरचे टोक निश्चित केले. मग इनटेकच्या पुशरॉडवर डायल गेज टेकवले. सर्वोच्च लिफ्टच्या आधी आणि नंतर काटा एकाच आकड्यावर येतो ते दोन अंश घेऊन त्यांचा मध्य काढला, तर कागदावर ११० लिहिलेला मध्य प्रत्यक्षात ११८ निघाला. विश्वास बसेना म्हणून सगळे पुन्हा मोजले, तेच आले. आठ अंश उशीर, म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास योग्य आकाराच्या कॅममध्येही तसाच झाला असता, आणि मालकाने जन्मभर कार्बोरेटरला दोष दिला असता. तो कॅम मी परत पाठवला. या मोजणीला एक दुपार जाते. ज्याला ती दुपार द्यायची नाही, त्याने मूळ कॅमवरच समाधान मानावे.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर न तपासणे

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, आणि सर्वांत जवळ येतो तो पिस्टन नेमका वरच्या टोकाला असताना नव्हे, तर त्याच्या आसपास दहाएक अंशांवर. एक्झॉस्ट आधी, इनटेक नंतर. पिस्टनच्या माथ्यावर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा थर लावून, हेड बसवून, टॅपेट जुळवून इंजिन हाताने दोनदा फिरवावे आणि हेड काढून दबलेल्या मातीची जाडी पात्याने कापून मोजावी. इनटेककडे २ मिमी आणि एक्झॉस्टकडे २.५ मिमीपेक्षा कमी भरले तर मी तो कॅम चालवत नाही. फिरवताना किंचितही अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये.

लवकर आटोपणाऱ्या चुका

जुन्या स्प्रिंगा तशाच ठेवू नयेत. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मिळून किमान दीड मिमी जागा उरली पाहिजे. इनटेक आणि एक्झॉस्ट या दोनपैकी एकच कॅम बदलून पैसे वाचवू नयेत, कारण ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) दोन्ही कॅम मिळून ठरतो आणि एकट्या इनटेकवर बनवलेली निवड अर्धीच असते. केवळ उभ्या गाडीची धडधड ऐकून कॅम पसंत करू नये. ती धडधड म्हणजे स्लोवर एक्झॉस्टचा जळका वायू इनटेकमध्ये परत शिरून मिश्रण बिघडत असल्याचा आवाज आहे. नव्या कॅमसोबत घासलेले जुने टॅपेट वापरू नयेत, आणि बसवताना कॅमच्या उंचवट्यांना जाड लेप असलेले असेंब्ली लुब्रिकंट लावावे.

पहिल्यांदा सुरू करतानाची घाई

चपट्या टॅपेटचा नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत बसतो किंवा खराब होतो. स्लोवर ठेवून कौतुकाने ऐकत राहिले तर ऑईलची फवारणी पुरेशी होत नाही आणि उंचवट्याचे टोक झिजू लागते. प्रज्वलनाचे टायमिंग आणि कार्बोरेटर आधीच जुळवून ठेवावेत, म्हणजे पंधरा-वीस किका मारत बसावे लागत नाही. सुरू होताच इंजिन २,००० च्या आसपास, थोडे वर-खाली करत चालवावे आणि समोर मोठा पंखा लावावा, कारण हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाला गाडी उभी असताना वाऱ्याचा आधार नसतो. इंजिन फारच तापू लागले तर बंद करून गार होऊ द्यावे आणि उरलेली मिनिटे नंतर भरावीत. त्यानंतर ऑईल काढून ते उन्हात, पांढऱ्या ताटलीत पाहावे. बारीक करडी झाक चालते. बोटांना खरखर लागली किंवा चमचमणारे कण दिसले तर गाडी रस्त्यावर नेण्याऐवजी टायमिंग कव्हर त्याच दिवशी पुन्हा उघडावे आणि टॅपेटचे तळ तपासावेत.