पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरला पुढे डिस्क ब्रेक: काम कुठून सुरू करायचं

समृद्धी महामार्गावर चारचाकीला ताशी १२० किमीची मुभा आहे. आपली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर तेवढी पळणार नाही, पण तिच्या पुढे धावणारी गाडी त्या वेगातून बघता बघता थांबते. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक त्या काळातल्या रस्त्याला पुरेसे होते. रस्ता बदलला, वाहतूक बदलली, ड्रम तेच राहिले. म्हणून नागपुरात हौसेची गाडी नुसती झाकून न ठेवता खरोखर चालवणारे लोक पुढच्या चाकांना डिस्क बसवायचं मनावर घेतात. काम होण्यासारखं आहे. पण 'मारुतीची डिस्क टाकून देऊ भाऊ, संध्याकाळी गाडी घेऊन जा' असं सांगणारा मिस्त्री भेटला, तर गाडी घेऊन सरळ घरी या. डिस्क बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड असतं ते पेडलपासून चारही चाकांपर्यंतचा दाबाचा हिशेब पुन्हा जुळवणं.

आधी ड्रमला एक संधी द्या

ड्रमबद्दलच्या बहुतेक तक्रारी मुळात देखभालीच्या असतात. लाइनर (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल 'शू'वरचं अस्तर) चकाकून गुळगुळीत झालेले, ड्रम अंडाकृती झालेला, व्हील सिलिंडर (शू बाहेर ढकलणारा) पाझरून लाइनरला ब्रेक फ्लुइड लागलेलं. रबरी होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असतो. त्यातून फ्लुइड दाबाने पुढे जातं, परत मात्र सावकाश येतं आणि एका चाकाचा ब्रेक धरून बसतो. ड्रम लेथवर साफ करून घ्या (ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर त्यापुढे जाऊ नका), नवे लाइनर, नवे सिलिंडर, नवे होज टाका आणि शू अ‍ॅडजस्ट करा. धरमपेठेतून सीताबर्डीला आणि रविवारी अंबाझरीपर्यंत एवढाच गाडीचा प्रवास असेल, तर इथेच थांबा. पैसे इंजिनावर खर्च करा.

डिस्कची गरज भासते ती वेगळ्या ठिकाणी. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक लागतो, ड्रम तापतो आणि प्रसरण पावून शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं, पकड कमी होते. डिस्क तापली तरी फुगून पॅडकडेच (तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या गुटक्यांकडेच) येते, शिवाय उघडी असल्यामुळे लवकर थंड होते. दुसरं कारण पावसाळा. नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजसारख्या साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रमची पहिली एक-दोन ब्रेकिंग वाया जातात, आणि दोन बाजूंचे ड्रम सारखे वाळत नाहीत म्हणून गाडी एका अंगाला ओढते. फिरती डिस्क पाणी फेकून देते.

मागे ड्रमच ठेवा. ब्रेक मारताना भार पुढे येतो, त्यामुळे फायद्याचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांतच मिळतो. हँडब्रेकची केबलही मागच्या ड्रमला जोडलेली असते. तिला हात लावण्याचं कारण नाही.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, तरी जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि तिथे गाडी तपासली जाते. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत (एमएच-३१, ४० किंवा ४९, जिथे नोंद असेल तिथे) विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंद करायचा विचार असेल, तर दोनदा विचार करा. तिथे मूळ रूपाला किंमत आहे. काहीही ठरवा, काढलेले ड्रम, बॅकप्लेट (ड्रममागची पाठची प्लेट), शू आणि मूळ मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर फ्लुइडच्या दाबात बदलणारा) ग्रीस लावून जपून ठेवा.

मापं, आणि कुणाचे पार्ट

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांचं काम थोडं सोपं. शेवटच्या काळातल्या काही अ‍ॅम्बेसेडरला कंपनीनेच पुढे डिस्क दिल्या होत्या. तशा गाडीची पुढची पूर्ण जोडणी, म्हणजे नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा पार्ट), हब, डिस्क, कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा) आणि बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा), भंगारात एकत्र मिळाली तर दुसरं काही शोधू नका. पद्मिनीला मात्र दुसऱ्या गाडीचे पार्ट जुळवावे लागतात. 'अमुक गाडीचा कॅलिपर बसतो' अशा ऐकीव याद्या खूप फिरतात. त्यांच्यावर विसंबू नका, माप घ्या.

चाक काढा आणि हे टिपून ठेवा: हबचा बाहेरचा व्यास, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, नकलवर बॅकप्लेट जिथे बसते तिथल्या भोकांची अंतरं, आणि रिमची आतली जागा. पद्मिनीचा टायर ५.२०-१४, म्हणजे रिम १४ इंची. डिस्क मोठी घ्यायचा मोह होतो, पण अडचण येते ती कॅलिपरच्या पाठीची. जाड पुठ्ठ्यातून कॅलिपरचा आकार कापा, रिमच्या आत धरा आणि चारही बाजूंनी चार-पाच मिमी मोकळी राहतात का पाहा. रिमच्या आतल्या कडेला बॅलन्सिंगचं शिसं लागतं, ते कॅलिपरला घासेल का हेही तेव्हाच बघा.

गाडीचं वजनही जमेत धरा. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची. तिचा कॅलिपर स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा, म्हणून तो हजार किलोच्या वरच्या अ‍ॅम्बेसेडरला लावायचा हे मला अजिबात पटत नाही. ज्या गाडीचं वजन आपल्या गाडीइतकं किंवा थोडं जास्त, तिचा कॅलिपर घ्या.

कॅलिपर धरणारा ब्रॅकेट हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या: दहा-बारा मिमी जाड पोलादी प्लेट, भोकं ड्रिल केलेली, बोल्ट १०.९ ग्रेडचे (आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो). नकलवर वेल्डिंग करू देऊ नका. ब्रेकचा सगळा जोर तिथे येतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पार्टची ताकद कुठे गेली हे बाहेरून दिसत नाही.

मास्टर सिलिंडर: खरी डोकेदुखी

ड्रममध्ये पुढचा शू चाकाबरोबर फिरायचा प्रयत्न करतो आणि स्वतःच ड्रममध्ये रुतत जातो. पायाच्या जोरात ही फुकटची भर. डिस्कमध्ये ती नसते. पॅड जेवढा दाबाल तेवढाच दाबतो, म्हणून दाब जास्त लागतो. त्यातच कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरहून बराच मोठा, म्हणजे फ्लुइडही जास्त लागतं.

मग कुणीतरी मोठा मास्टर सिलिंडर बसवतो. पाऊण इंचाच्या जागी सात-अष्टमांश इंच बोअर टाकला की फ्लुइड भरपूर मिळतं, पण पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं आणि पायाच्या त्याच जोरात दाब पाव हिश्शाहून थोडा अधिकच घटतो. मग ऐकू येतं, "पेडल तर कडक लागून राहिलं भाऊ, पण गाडी थांबून नाही राहिली." अशा वेळी बूस्टर लागतोच. पेडलमागे जागा नसेल तर पाइपलाइनमध्ये बसणारा वेगळा सर्व्हो वापरा. पेट्रोल गाडीत त्याला लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डवरून घ्यायचा, मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह हवा. डिझेल अ‍ॅम्बेसेडरला मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम मिळत नाही. तिला व्हॅक्यूम पंप लागेल, बहुधा अल्टरनेटरला जोडलेला.

एवढं उघडलंच आहे तर सिंगल सर्किट काढून टाका. जुन्या गाडीत एकच लाइन चारही चाकांना जाते. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन चेंबरचा टँडम मास्टर सिलिंडर आणि पुढे-मागे वेगळ्या लाइन ही माझ्या मते डिस्कपेक्षाही मोठी सुधारणा आहे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत ही विभागणी बहुधा तिरकी असते (एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक), त्यामुळे तसला सिलिंडर उचलून लावण्याआधी कुठल्या पोर्टला काय जोडायचं ते कागदावर काढा.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अशी कामं सर्वांत जास्त फसतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. शू जवळ राहावेत म्हणून तो हवा असतो. हाच दाब डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि काही किलोमीटरांत चाक भाजायला लागतं. पुढच्या लाइनमधून तो काढा, मागच्या लाइनमध्ये ठेवा. मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर फ्लुइड मागे ओघळू नये म्हणून पुढे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात.

पुशरॉडला (पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांडीला) एक-दोन मिमी सैलपणा ठेवा. तो नसेल तर सिलिंडरमधलं परतीचं भोक बंद राहतं. मे महिन्यात, ४५ अंशांत, गरम झालेलं फ्लुइड फुगतं आणि जायला जागा नसल्यामुळे ब्रेक आपोआप लागतो.

पाइप आणि आटे

अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची. पद्मिनी मूळची फियाट, तिचे मेट्रिक. तीन-अष्टमांश इंच, २४ आट्यांचा नट आणि एम-१० बाय १ चा नट दिसायला जुळे भाऊ. इंची नट मेट्रिक भोकात सैलसर फिरून बसतोसुद्धा, आणि जोरात ब्रेक मारला की आटे सोडून बाहेर येतो. शंका आली की थ्रेड गेज लावा. पाइपच्या तोंडाचा आकारही (डबल फ्लेअर की बबल फ्लेअर) ज्या पार्टमध्ये जायचा त्याच्याशी जुळला पाहिजे. एसीचं साधं तांब्याचं पाइप आणि कॉम्प्रेशन जॉइंट ब्रेकला चालत नाहीत. स्टील किंवा क्युप्रोनिकेलचा ब्रेक पाइपच घ्या.

मागच्या लाइनमध्ये अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या चाकांचा दाब कमी-जास्त करणारा) टाका. बूस्टर आल्यावर मागच्या ड्रमलाही जादा दाब मिळतो. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी शेपटीकडून फिरते.

बसवताना

सपाट जमिनीवर मागच्या चाकांना अडण लावा, पुढून जॅकने उचला आणि घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रम काढल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, मास्क लावा.

ड्रम आणि बॅकप्लेट काढा, नकल तपासा, किंगपिनला खेळ असेल तर आधी तो काढा. ब्रॅकेट लावा. व्हील बेअरिंग नवं ग्रीस भरून बसवा, खेळ जुळवा आणि मग डिस्क चढवा. डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवा: लचक (फिरताना आत-बाहेर डोलणं) ०.१ मिमीच्या आत हवी. जास्त आली तर डिस्क आणि हबमधला गंज घासून पुन्हा बघा, बहुतेक वेळा तिथेच दोष निघतो. डिस्क जुनी असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने ताडून घ्या.

कॅलिपर डाव्याचा उजवीकडे गेला नाही ना, हे ब्लीड निपलवरून (हवा काढायच्या तोंडावरून) कळतं. निपल सर्वांत वर यायला हवा. तो खाली आला तर वर अडकलेली हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही. होज जोडल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि चाकं खाली लोंबकळत असताना व उचललेली असताना, दोन्ही स्थितींत होज ताणत किंवा घासत नाही हे पाहा. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा.

हवा काढणं

सीलबंद डब्यातलं डॉट ४ वापरा. नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. अर्धा वापरून कपाटात ठेवलेला डबा म्हणूनच वापरायचा नाही. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

उजव्या हाताच्या गाडीत साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मग पेडल सोडायचं. टाकी मध्ये कधी रिकामी होऊ देऊ नका. शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. बूस्टर तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

रस्त्यावर

पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, चालण्याच्या वेगापासून सुरुवात करा. मग ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, मध्ये पॅड थंड होऊ द्या. पॅड आणि डिस्क त्यात एकमेकांना रुळतात. त्यानंतरच जोरात ब्रेक मारून पाहा आणि कुणाला तरी बाहेर उभं करून कुठली चाकं आधी लॉक होतात ते बघायला सांगा. मागची आधी होत असतील तर व्हॉल्व्हने मागचा दाब कमी करा, आणि ओल्या रस्त्यावर, कमी वेगात, पुन्हा एकदा बघा. घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या: एकच चाक जास्त तापलं असेल तर पॅड चिकटतोय.

पाचशे किमीनंतर बोल्टचा टॉर्क, होज, फ्लुइडची पातळी आणि पॅडची झीज पुन्हा तपासा. फ्लुइड दर दोन वर्षांनी, पावसाळा सुरू व्हायच्या आधी बदला.